चिठ्ठीची पाठ

मोहगावच्या बाजारातल्या एका किराणा दुकानाची चिठ्ठी माझ्यासमोर टेबलावर आहे. चिठ्ठी म्हणजे अगरबत्तीच्या पुड्याचा जाड कागद कात्रीने कापून केलेला दोन बोटांएवढा तुकडा. एका बाजूला करडा पुठ्ठा, त्यावर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का, तोही अर्धाच उमटलेला. शिक्क्याशेजारी निळ्या बॉलपेनने '२ रु.' लिहिलेले आणि खाली दुकानदाराची सही. सही कसली, एक गाठ आणि एक लांब शेपूट. चारी कोपरे हाताळून गोल झाले आहेत, घामाने शाई कडेला फुटली आहे. चिठ्ठी उलटी केली की अगरबत्तीची पिवळी छपाई दिसते, आणि त्या पिवळ्या जागेत माझ्या आईने पेन्सिलीने मांडलेला हिशेब: मीठ, माचिस, साबणाची वडी, फल्लीतेल. खाली बेरीज, आणि बेरजेतून दोन वजा केलेले.

चिठ्ठी दुकानात परत गेली असती तर आज माझ्याकडे नसती. दोन वजा धरून आई बाजारात गेली असणार आणि काही कारणाने चिठ्ठी घरीच राहिली. पुढे ती पोथीत खुणेचा कागद झाली, तिथेच मला सापडली. दुकान तोवर बंद झाले होते.

हे पुस्तक अशा कागदांविषयी आहे. सरकारचे नाणे बाजारातून नाहीसे होते, व्यवहार तर थांबत नाही, तेव्हा माणसे कुठल्या तरी कागदावर रक्कम लिहून तो नाण्याच्या जागी चालवतात. कधी तो राजा काढतो, कधी नगरपालिका, कधी बँक, कधी एखादा किराणा दुकानदार. जगभर असे लाखो कागद निघाले. त्यांच्या याद्या आहेत, किमती ठरलेल्या आहेत, जमवणारे हौशी आहेत. त्या याद्यांत कागद कोणी काढला, कुठे छापला, शिक्का कोणता, रंग कोणता हे सगळे बारकाईने सापडते. तो कागद ज्याच्या हातात पडला त्याचे काय झाले, हे मात्र बहुतेक ठिकाणी सापडत नाही. मला या विषयाची ओढ लागली ती आईच्या हिशेबामुळे, म्हणून मी हे सगळे कागद घेणाऱ्याच्या बाजूने वाचायचे ठरवले.

आधी शब्दांविषयी थोडे. पुण्याकडे लोक 'सुट्टे' म्हणतात, 'मोड' म्हणतात. मोड हा फार नेमका शब्द आहे, नोट मोडायची आणि तिचे तुकडे घ्यायचे. जुन्या कागदपत्रांत 'खुर्दा' आहे, तो फारसीतून आला. आमच्याकडे मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी पट्ट्यात, नागपूरसारखेच, 'चिल्लर' म्हणतात आणि हा शब्द दक्षिणेकडच्या भाषांतून चालत आला आहे. चिल्लर म्हणजे क्षुल्लक असाही अर्थ मराठीत रुळला, 'चिल्लर माणूस', 'चिल्लर गोष्ट'. ज्या वस्तूवाचून सकाळी दूध घेता येत नाही, तिचे नाव क्षुल्लकपणासाठी वापरले जावे याचे मला वाईट वाटते. उलट जुन्या नाण्यांनी भाषेला किती दिले ते पाहावे. 'सोळा आणे खरे' म्हणताना आणा चलनातून जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला हे कोणाच्या मनातही येत नाही. चवली, पावली, अधेली, ढब्बू, दिडकी, दमडी, कवडी ही सगळी गरिबाच्या हातातली नावे. मोठ्या रकमेला भाषेने एवढी लाडकी नावे दिलेली नाहीत.

आता मूळ प्रश्न. चिल्लर नाहीशी का होते? याचे एक कारण सगळ्या काळांत आणि सगळ्या देशांत सारखे आहे. लहान नाणे पाडायला मेहनत जवळजवळ मोठ्या नाण्याएवढीच लागते. तोच साचा, तोच घाव, तेच मोजणे, तीच वाहतूक. हाती येणारी किंमत मात्र विसावा हिस्सा. टांकसाळीला त्यात काही सुटत नाही. त्यामुळे राजा असो की लोकनियुक्त सरकार, लहान नाणे नेहमी थोडे आणि उशिरा निघते. कार्लो चिपोला या इटालियन इतिहासकाराने १९५६ मध्ये याला सुट्ट्या नाण्यांचा मोठा प्रश्न म्हटले आणि पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी ते नाव उचलले. दुसरे कारण धातूचे. नाण्यावर छापलेल्या किमतीपेक्षा त्यातला धातू महाग झाला की नाणे मुशीत जाते. तिसरे कारण भीतीचे. लढाई आली, सरकार टिकेल की नाही असे वाटू लागले की माणूस कागद खर्च करतो आणि धातू मडक्यात टाकतो.

ही तिन्ही कारणे एकदम आली की काय होते हे हिंदुस्थानने विसाव्या शतकात दोनदा पाहिले.

पहिल्या महायुद्धात चांदीचे भाव चढले. रुपया तेव्हा तोळाभर वजनाचा, बारा भागांतले अकरा भाग चांदी असलेला. भाव एवढा चढला की रुपया वितळवणे फायद्याचे झाले. मग सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढली आणि पाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची. एक रुपयाच्या नोटा पंचवीस-पंचवीसच्या पुस्तिकांत बांधून येत आणि फाडून द्यायच्या असत. नोटेवर पंचम जॉर्जच्या रुपयाचे चित्र छापलेले होते. मला ही बाब फार बोलकी वाटते. कागदाने आपली ओळख पटवण्यासाठी नाण्याचाच चेहरा लावला होता, कारण ज्याच्या हाती तो जाणार होता त्याला अक्षर कळत नव्हते, पण रुपया ओळखता येत होता. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून हिंदुस्थानसाठी सुमारे वीस कोटी औंस चांदी दिली, तेव्हा टांकसाळींचा जीव भांड्यात पडला. १९२६ मध्ये या लहान नोटा काढणे बंद झाले.

त्याच काळात मराठी मुलखाच्या दोन्ही टोकांना हेच घडत होते. हैदराबाद संस्थानाने चांदीच्या टंचाईमुळे १९१८ मध्ये कागदी चलनाचा कायदा केला आणि स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही रक्कम छापलेली असे, कारण औरंगाबाद, परभणी, नांदेडचा शेतकरी त्या नोटा घेणार होता. पोर्तुगीज गोव्यात बांकू नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेने १९१७ मध्ये चार टांगा, आठ टांगा, एक रुपिया आणि अडीच रुपिया अशा नोटा काढल्या. सोळा टांगांची एक रुपिया, म्हणजे चार टांगांची नोट ही कागदाची पावली झाली. पणजीच्या मासळीबाजारातले ओले हात आणि पावलीची कागदी नोट हे चित्र मी अनेकदा डोळ्यांसमोर आणून पाहिले आहे. मासळी विकणारीच्या कनवटीला तांबे आणि चांदी टिकते. कागदाचे तिथे दोन दिवसांत पोतेरे होते. नोट फाटली तर नुकसान कोणाचे? शेवटी जिच्या हातात फाटली तिचे.

दुसऱ्या महायुद्धातली टंचाई जास्त खोल गेली आणि ती आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात परवापरवापर्यंत होती. सरकारने १९४० मध्ये रुपयातली चांदी अर्ध्यावर आणली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणे हा भारत संरक्षण नियमांखाली गुन्हा ठरवला आणि पुढे त्याच वर्षी एक रुपयाच्या नोटा पुन्हा काढल्या. पण रुपयाची नोट काढून पैशाची टंचाई मिटत नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपान लढाईत उतरला, ब्रह्मदेश गेला आणि १९४२-४३ मध्ये चिल्लर बाजारातून अक्षरशः नाहीशी झाली. सैन्य वाढले, गिरण्या आणि कारखाने रात्रंदिवस चालू लागले, मजुरी वाढली, म्हणजे लहान व्यवहार वाढले. तांबे आणि निकेल मात्र दारूगोळ्याकडे वळले. १९४२ मध्ये निकेल-पितळेचा अर्धा आणा आला. १९४३ मध्ये मधोमध मोठे भोक असलेला पैसा आला. जुन्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी तांब्यात तो होत असे. लाहोरला नवी टांकसाळ सुरू झाली ती याच वर्षी.

मधल्या काळात लोकांनी काय केले? टपालाची तिकिटे चालवली. अर्ध्या आण्याचे, आण्याचे तिकीट हातोहात फिरू लागले. ज्याने हे पहिल्यांदा केले त्याची अक्कल खरी, कारण तिकिटावर किंमत छापलेली, सरकारचा शिक्का उमटलेला, आणि टपाल कचेरीत त्याचे काम होणारच याची खात्री. अडचण एकच, तिकिटाला मागे डिंक असतो. उन्हाळ्यात खिशातल्या घामाने तिकिटे एकमेकांना चिकटत आणि चार आण्यांचा गोळा हाती येई. हीच अडचण अमेरिकेला १८६२ मध्ये आली होती. तिथे यादवी युद्धात नाणी नाहीशी झाली, लिंकन सरकारने टपालाची तिकिटे चलन म्हणून चालू दिली आणि मग तिकिटांची चित्रे छापलेल्या, डिंक नसलेल्या लहान नोटा काढल्या. जॉन गॉल्ट नावाच्या माणसाने तर पितळेच्या चकतीत तिकीट बसवून वर अभ्रक लावले. रशियाने १९१५ मध्ये रोमानोव्ह घराण्याची तिकिटे जाड पुठ्ठ्यावर छापून, पाठीवर 'चांदीच्या नाण्याइतके' असा मजकूर घालून चालवली. आपल्या शेजारी सिलोनमध्ये १९४२ साली पाच सेंटची एक नोट निघाली, ती मला या सगळ्या जगातली सर्वांत समंजस नोट वाटते. तिच्या मधोमध टपाल-तिकिटासारखी भोके पाडलेली होती. फाडली की एका हातात दोन सेंट आणि दुसऱ्या हातात तीन सेंट. मोड हा शब्द कागदावर उतरलेला पाहायचा असेल तर ती नोट पाहावी. ती आखणाऱ्याने, माझी खात्री आहे, कधीतरी सुट्ट्यांसाठी दुकानाच्या पायरीवर ताटकळत वेळ काढला असणार.

संस्थानांनी दुसरा मार्ग धरला. काठेवाड, कच्छ, राजपुताना आणि माळव्यातल्या कितीतरी संस्थानांनी या काळात स्वतःची 'कॅश कूपने' काढली. मोरवी, नवानगर, जुनागड, बिकानेर, बुंदी, आणि आजच्या मध्य प्रदेशातले रतलामजवळचे सैलाना. जाड कागदाचे लहान तुकडे, कुठे राजाची छबी, कुठे संस्थानाची मुद्रा, आणि रक्कम एक पैसा, दोन पैसे, एक आणा अशी. संग्राहकांना हे तुकडे फार प्रिय आहेत आणि ते सुंदर आहेतच. पण सुंदर छपाई बघताना त्याची हद्द विसरता कामा नये. संस्थानाच्या सीमेवरच्या नाक्यापलीकडे त्या एका आण्याला काहीच किंमत नव्हती. शेजारच्या संस्थानात लेकीकडे निघालेल्या बाईला वाटेत पाणी पिण्यापुरताही तो उपयोगी नव्हता. खरा आणा कराचीपासून कलकत्त्यापर्यंत आणा होता. एवढा फरक त्या सुंदर तुकड्यात आणि भोकाच्या ओबडधोबड पैशात होता, आणि घेणाऱ्याने तो फरक निमूट सोसला.

आमचे मोहगाव इंग्रजी मुलखात, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते. जिल्हा छिंदवाडा, राजधानी नागपूर. इथे संस्थान नव्हते, म्हणून राजाच्या मुद्रेचे कूपन इथे निघण्याचा प्रश्न नव्हता. इथे चालली ती तोंडी बाकी आणि वहीतली नोंद. हा सगळा पट्टा कापसाचा आणि संत्र्याचा, सौंसरच्या आसपास मँगनीजच्या खाणी, नागपूर-छिंदवाडा मार्गावरची छोटी गाडी, आठवड्याचे बाजार. खाणीवरचा मजूर, कापूस वेचणारी बाई, गाडीत फळे विकणारा पोरगा, या सगळ्यांचा दिवस आण्या-पैशांवर चालायचा. वेचणीची मजुरी वजनावर ठरायची आणि संध्याकाळी हातात पैसेच पडायचे. म्हणून चिल्लर आटली की आधी त्यांचे अडायचे. माझ्या आजीच्या तोंडून ऐकलेले असे, की त्या वर्षांत दोघी-तिघींना मिळून एक रुपया दिला जाई आणि तुम्ही आपसात वाटून घ्या म्हणून सांगितले जाई. मग त्या बायका एकत्र दुकानात जात, एकत्र सामान घेत आणि पदरात वाटून घेत. ज्वारी वाटता येते, तेल वाटता येते. एकीला औषध हवे असले आणि दुसरीला नको असले, तर मात्र भांडण होई. आजी ते सांगताना भांडणावर कधी हसली नाही.

इथे माझे म्हणणे स्पष्ट सांगतो. चिल्लरची टंचाई ही सगळ्यांवर सारखी येत नाही. ज्याच्याकडे शंभराची नोट आहे आणि जो महिन्याचा किराणा एकदम भरतो, त्याला सुट्टे लागतात फार तर रिक्षाला. जो रोज संध्याकाळी पाच रुपयांचे तेल आणि दहा रुपयांची साखर घेतो, त्याचा प्रत्येक व्यवहार चिल्लरवर उभा आहे. त्याला दोन रुपये परत मिळाले नाहीत तर ते त्याच्या खरेदीतले किती टक्के होतात याचा हिशेब करून पाहावा. आणि त्याला चिठ्ठी मिळाली तर त्याचे दोन रुपये त्या दुकानाला बांधले गेले. उद्या समोरच्या दुकानात साखर स्वस्त असली तरी तो तिथे जाणार नाही. चिठ्ठी देणारा माणूस बहुधा प्रामाणिकच असतो, मी पाहिलेले बहुतेक दुकानदार प्रामाणिक होते. पण व्यवहाराची रचनाच अशी आहे की न परतलेली प्रत्येक चिठ्ठी देणाऱ्याच्या बाजूला जमा होते. हरवलेली, भिजलेली, उंदराने खाल्लेली, पोथीत राहिलेली.

हे मोठ्या प्रमाणावर कसे झाले ते जर्मनीत दिसते. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच तिथे लहान नाणी गेली आणि शहरांनी, गावांनी, कारखान्यांनी 'नोटगेल्ड' म्हणजे अडचणीचा पैसा छापायला सुरुवात केली. पुढे त्या नोटा इतक्या देखण्या निघू लागल्या की लोक त्या जमवू लागले. हे पाहून १९२१-२२ मध्ये कित्येक गावांनी केवळ जमवणाऱ्यांसाठी रंगीत मालिका छापल्या, लोककथांची चित्रे, गावातली चर्च, विनोदी प्रसंग. त्या नोटा वटवायला कोणी येणार नाही हे गावाला ठाऊक होते आणि तेवढी रक्कम सरळ गावाच्या तिजोरीत राहत होती. गावांनी त्यातून काही भली कामेही केली असतील. तरी जो कागद परत येऊ नये अशी देणाऱ्याची इच्छा आहे, तो पैसा राहिलेला नाही, हे मी ठामपणे म्हणतो. इटलीत १९७५ ते १९७८ या काळात सुट्टी नाणी मिळेनाशी झाली तेव्हा बँकांनी शंभर-दीडशे लिरांचे इवलेसे धनादेश छापले, 'मिनी असेन्यी'. दुकानदार त्याआधी गोळ्या आणि टेलिफोनची टोकने देत होते. त्या धनादेशांपैकी कितीतरी फाटून, चुरगळून कचऱ्यात गेले आणि त्यांची रक्कम बँकांकडेच राहिली.

कायदा या बाबतीत आपल्याकडे फार पूर्वीपासून कडक आहे. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला. १८८९ च्या धातू-टोकन कायद्याने खासगी माणसाने पैशासारखी धातूची चकती पाडायला बंदी केली. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातले ३१ वे कलम सांगते की मागताक्षणी धारकाला रक्कम देण्याचे वचन असलेला कागद बँकेशिवाय आणि केंद्र सरकारशिवाय कोणी काढायचा नाही. १९७१ मध्ये तर लहान नाणी वितळवणे आणि साठवणे यांसाठी वेगळा कायदा करावा लागला, एवढी त्या काळची टंचाई. कायद्याचा हेतू योग्यच आहे. पण अगरबत्तीच्या पुठ्ठ्यावर '२ रु.' लिहिणाऱ्या दुकानदाराच्या हातात दुसरे काय होते, याचे उत्तर या कलमांत नाही. नाणी पुरेशी पाडणे हे ज्यांचे काम होते, त्यांनी ते वेळेवर केले असते तर त्याला कात्री हातात घ्यावी लागली नसती.

माझ्या स्वतःच्या आयुष्यातली टंचाई साधारण २००५ नंतरची. पाचाच्या जीर्ण नोटा प्लास्टिकच्या पाकिटात घालून चालत, आतली नोट चार तुकड्यांची असली तरी कोणी पाहत नसे. दुकानात रुपयाऐवजी चॉकलेट मिळे. चॉकलेट परत दिले तर मात्र रुपया म्हणून कोणी घेत नसे, आणि इथेच त्याचे पैसा असणे संपत होते. स्टीलची नाणी वितळवून त्यांची दाढीची पाती करतात अशा बातम्या येत. देवळाच्या दानपेटीतली चिल्लर आणून बाजारात वटाव घेऊन विकणारे लोक होते. शंभराच्या नोटेला नव्वदची नाणी मिळत. वटाव हा शब्द मला जुन्या सराफांच्या पेढीवरचा म्हणून माहीत होता, तो असा डोळ्यांसमोर परत आला. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी अधिकृतपणे बाद झाली. त्यानंतर काही वर्षांनी दहाचे नाणे खोटे आहे अशी अफवा पसरली आणि आमच्याकडे लोक ते घेईनात. रिझर्व्ह बँकेने सगळे नमुने खरे आहेत असे २०१८ मध्ये पुन्हा जाहीर केले तरी बाजारात ते बराच काळ चालले नाही. चिल्लर होती, पण विश्वास नव्हता, आणि परिणाम तोच.

आणि बसचे तिकीट. सौंसरहून नागपूरला जाताना कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर पेनाने आकडा लिहून देत आणि भोवती गोल काढत. 'उतरताना घ्या.' एका कंडक्टरने एका माणसाला एका प्रवासापुरते दिलेले वचन, रक्कम अंकी, सही नाही, तारीख पुढच्या बाजूला छापलेली. जगातल्या कोणत्याही यादीत हे चलन नोंदलेले नाही, आणि मी पाहिलेल्यांत तेच सर्वांत जास्त चालणारे होते. कॉलेजात असताना एका गर्दीच्या सकाळी माझे बारा रुपये असे लिहून मिळाले. उतरताना मागून रेटा आला, बस सुटली, तिकीट हातात राहिले. बारा रुपयांत तेव्हा माझे दुपारचे जेवण होत असे. त्या दिवशी मी जेवलो नाही. कंडक्टरने मुद्दाम केले असे मी त्या वेळीही म्हटले नाही. पण तेव्हापासून तिकिटाची पाठ मी पुढच्या बाजूइतकीच नीट पाहतो.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू दिल्या आहेत. पुढच्या बाजूला देणाऱ्याचे नाव असते, मुद्रा असते, कधी देवाचे चित्र असते. पाठीवर घेणाऱ्याच्या खुणा असतात: हिशेब, कोणाचा तरी फोन नंबर, पेन्सिलीची रेघ, हळदीचा डाग, घडीची खूण. फोन नंबर मी झाकले आहेत, बाकी काही पुसलेले नाही. काही कागद डिंकाने दुसऱ्या कागदावर चिकटवून आले आणि त्यांची पाठ कायमची गेली. संग्राहकांना माझी विनंती आहे, हे कागद चिकटवू नका. साध्या पारदर्शक पाकिटात ठेवा. आणि आमच्या भागातल्या घरांना विनंती आहे की जुन्या वह्या रद्दीत देण्याआधी पाने उलटून पाहा. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, रामाकोना, पिपळा, लोधीखेडा, इथल्या किराणा दुकानांच्या जुन्या खतावण्यांत चिठ्ठ्या असतील, खाणीवरच्या हजेरीच्या कागदांत असतील. १९५६ मध्ये आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि या मराठी पट्ट्याचे कागद दोन राज्यांच्या दप्तरांत विभागले गेले. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. निदान आता तरी जिल्ह्याच्या ठिकाणी एका कपाटात या भागाचे बाजारातले कागद जमावेत असे मला मनापासून वाटते.

हे लिहीत असताना मी परवा बाजारात गेलो होतो. आता प्रत्येक हातगाडीवर चौकोनी ठिपक्यांचा कागद लावलेला आहे. फोन धरला की सव्वासात रुपयेही सव्वासातच जातात. चिल्लरचा प्रश्न सुटला असे वाटावे अशी सोय आहे आणि मी स्वतः ती रोज वापरतो. माझ्या पुढे एक म्हातारी उभी होती, साधारण आईच्या वयाची. तिने पिशवीतून दहाची नोट काढली, सात रुपयांच्या मिरच्या घेतल्या आणि हात पुढे करून थांबली.

"चिल्लर नाही ना मावशी," भाजीवाला म्हणाला. "फोनमधून देता का?"

तिच्याकडे फोन नव्हता. त्याने सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीतून थोड्या काड्या तोडल्या आणि तिच्या पिशवीत टाकल्या. तिने पिशवीत हात घालून त्या काड्या बाहेर काढल्या, मोजल्या, आणखी दोन मागितल्या, आणि मिळाल्यावर मग पुढे गेली.